हलतं चित्र हलकं हवं, पण खरंही हवं

मागच्या पावसाळ्यात मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात एका आशाताईंनी त्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘सर, हे नुसतं गोल फिरून रायलं. उघडूनच नाही रायलं.’ बाळाला न्यूमोनिया झाला की त्याचा श्वास कसा दिसतो, हे आयांना दाखवण्यासाठी एका प्रशिक्षणानंतर गटावर आलेलं ते हलतं चित्र होतं. संगणकाच्या भाषेत त्याला ‘जिफ’ म्हणतात. चित्र चांगलं होतं, पण त्याचं वजन होतं १८ एमबी. ताईंच्या फोनमध्ये जागा नव्हती आणि ज्या वस्तीवर त्या उभ्या होत्या तिथे रेंजची एकच काडी होती. आठवडाभर त्या चित्राऐवजी हाताने छाती वरखाली करून आयांना समजावत होत्या.

‘आता डेटा स्वस्त झालाय, गावोगावी फोरजी आलंय, मग फाइलच्या आकाराची काळजी कशाला?’ असं कोणी म्हणेल. शहरात बसून ते खरंही वाटतं. पण एका ताईने १८ एमबीचं चित्र पन्नास घरांना पाठवलं, तर त्या घरांनी मिळून ९०० एमबी डेटा खर्च करायचा. तेच चित्र अर्ध्या एमबीचं असेल तर पंचवीस एमबीत काम होतं. शिवाय आपले फोन शुभ सकाळच्या फुलांनी आणि चकाकणाऱ्या दिव्यांनी आधीच भरलेले असतात. ही अडचण एवढी मोठी, की भारतातले फोन या शुभेच्छांच्या चित्रांनी भरून जातात, असं गुगलच्या संशोधकांना आढळल्याची बातमी जानेवारी २०१८ मध्ये जगभर गाजली होती. भरलेल्या फोनवर न उघडणारा आरोग्य संदेश आणि संपलेला औषधसाठा यांत डॉक्टर म्हणून मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही गोष्टी कागदावर पोहोचलेल्या असतात, माणसापर्यंत नाही.

म्हणून आरोग्य संदेश बनवणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारावा: हे चित्र हलायलाच हवं का? जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा, हे सांगायला एक स्थिर चित्र पुरतं. ‘हात धुवा’ची पायरीही चार-सहा स्थिर चित्रांत दाखवता येते. पण बाळाचा श्वास स्थिर चित्रात दाखवता येत नाही. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो, ही न्यूमोनियाची महत्त्वाची खूण आहे. आपल्याकडे आया त्याला ‘पोट उडतं’ म्हणतात. ते डोळ्यांनी हलताना पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

मग ते हलकं कसं करायचं? रुग्णालयात संगणकाचं काम पाहणाऱ्या एका मुलाला सोबत घेऊन मी बसलो. हलतं चित्र म्हणजे एकामागून एक वेगाने येणारी स्थिर चित्रं, म्हणजे फ्रेम. आमचं चित्र ८०० ठिपके रुंद आणि ६०० ठिपके उंच होतं, म्हणजे एका फ्रेममध्ये ४ लाख ८० हजार ठिपके. सेकंदाला २० फ्रेम आणि दहा सेकंदांचा वेळ, म्हणजे २०० फ्रेम. एकूण ठिपके ९ कोटी ६० लाख! फाइलचं ओझं इथून येतं.

रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की ठिपके निम्मे नाही, तर एक चतुर्थांश होतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तेवढे भरपूर झाले. दुसरी बचत याहून मोठी होती. जिफ आपोआप पुन्हा पुन्हा फिरत राहतं, मग दहा सेकंद कशाला? चित्रात डावीकडे मिनिटाला ३० श्वास घेणारं एक वर्षाचं निरोगी बाळ होतं आणि उजवीकडे ६० श्वास घेणारं आजारी. दोन सेकंदांत डाव्या बाळाचा एक श्वास पुरा होतो आणि उजव्याचे दोन. तेवढा तुकडा ठेवला की बाकी सगळी पुनरावृत्तीच. सेकंदाला २० ऐवजी १० फ्रेम ठेवल्या. आता २० फ्रेम, प्रत्येकीत १ लाख २० हजार ठिपके, एकूण २४ लाख. मूळ ओझ्याचा चाळिसावा हिस्सा.

रंगांचंही तसंच. जिफच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. सपाट रंगांचं साधं रेखाचित्र असेल तर ३२ रंगही पुष्कळ. ही फाइल आकसते ती शेजारच्या ठिपक्यांमधली पुनरावृत्ती ओळखून. त्यामुळे मागची भिंत एकाच रंगाची असली की फाइल हलकी होते. भिंतीवर छटा, नक्षी आणि चमक टाकली की जड. जो भाग हलत नाही तो प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा साठवायचीही गरज नसते. आणि जिथे चालेल तिथे जिफऐवजी छोटी मूक चित्रफीत वापरली तर वजन आणखी उतरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण जिफ म्हणून पाठवतो ते सहसा तशी चित्रफीत होऊनच पुढे जातं. खरं तर हा प्रकार जन्मला तोच टंचाईत. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, तेव्हा टेलिफोनच्या संथ तारेवरून रंगीत चित्र पाठवणं हीच अडचण होती.

इथवर सगळं संगणकाचं गणित झालं. माझं खरं म्हणणं यापुढे आहे. पहिल्या प्रयत्नात त्या मुलाने एकाआड एक फ्रेम काढून टाकली, पण प्रत्येक फ्रेम पडद्यावर किती वेळ थांबायची तो आकडा तसाच ठेवला. जिफमध्ये हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिलेला असतो. फ्रेम निम्म्या झाल्या तेव्हा तो ५ वरून १० करायला हवा होता. तो राहिला आणि चित्र दुप्पट वेगाने पळू लागलं. मिनिटाला ३० श्वास घेणारं निरोगी बाळ आता ६० श्वास घेत होतं!

हा फरक किरकोळ नाही. शांत असलेल्या बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. आमचं बिघडलेलं चित्र पाहून शिकलेल्या आईने निरोगी बाळाला आजारी समजलं असतं. त्याहून वाईट म्हणजे खरोखरच धापा टाकणारं बाळ तिला नेहमीसारखं वाटलं असतं.

दुसऱ्या प्रयत्नात वेग दुरुस्त झाला, पण वजन आणखी उतरवण्याच्या नादात रंग फक्त आठ ठेवले गेले. फासळ्यांखालची फिकट सावली त्वचेच्या रंगात मिसळून गेली. छाती आत ओढली जाणं, म्हणजे ज्यासाठी चित्र काढलं तेच, दिसेनासं झालं. त्या मुलाची यात चूक नव्हती. त्याला फाइल हलकी करायला सांगितलं होतं, काय जपायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी मी शेजारी बसून घड्याळ लावून श्वास मोजले. रंग ३२ ठेवले आणि काम ५०० केबीच्या आत झालं. आशाताईंच्या फोनवर चित्र उघडलं.

साधन वापरणाऱ्याच्या हाताला जुळलं पाहिजे, हा धडा आपल्या विदर्भाला नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आकडे मोजता न येणाऱ्यांसाठी त्यांनी श्वास मोजण्याचं मण्यांचं साधं साधनही केलं. साधन सोपं केलं, पण मोजणी सैल होऊ दिली नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आरोग्याचं कुठलंही हलतं चित्र एक एमबीच्या आत असावं आणि गटावर टाकताना त्याचं वजन सोबत लिहावं. ते कार्यालयातल्या वायफायवर न तपासता शेवटच्या वस्तीवरच्या जुन्या फोनवर उघडून पाहावं. आणि लहान केल्यानंतरचं चित्र त्या विषयाच्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आज मूळ चित्राला मंजुरी मिळते, पण लोकांच्या हाती पडतं ते आकसलेलं. लक्ष वेधण्यासाठी लाल बाण लुकलुकवायचा असेल तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकवू नका. वेगाने चमकणाऱ्या प्रकाशाने काही जणांना झटका येऊ शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग पाहून शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

एक गोष्ट वाचकांसाठी. हे सगळं शिकवण्याच्या चित्रांबद्दल झालं. आजारी बाळाच्या श्वासाचा व्हिडिओ किंवा सोनोग्राफीची हलती चित्रं डॉक्टरांना पाठवायची वेळ आली, तर त्यांना कात्री लावू नका, वेग बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि बाळ दूध पीत नसेल, सगळं ओकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडलं असेल किंवा त्याचं पोट उडत असेल, तर फाइल जाईपर्यंत थांबू नका. बाळाला उचला आणि दवाखाना गाठा.