आठव्या दिवसाची परीक्षा

वाचकहो, पहाटेच्या अंधारात धावणारे तरुण ही आपल्या सीमाभागात नवलाची गोष्ट नव्हे. बेळगावास मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सैन्यभरतीची ओढ येथील पुष्कळ घरांत आहे, आणि भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटर धावून दाखवावे लागते. परंतु आम्ही असे पाहतो की, पहिल्या दिवशी उत्साहाने निघालेल्यांपैकी निम्मेही आठव्या दिवशी रस्त्यावर दिसत नाहीत. 'धावणे आपल्या अंगात नाही,' असे म्हणून ते अंथरुणात परततात.

दोष अंगाचा नसून घाईचा असतो. नवशिका पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतो. मग दम लागतो, पोटऱ्या भरून येतात आणि मन खट्टू होते. शरीराची घडण अशी आहे की, हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडांस व सांध्यांस बळकटी येण्यास मात्र अधिक काळ लागतो. हौस पुढे पळते, हाडे मागे राहतात आणि नडगी दुखू लागते.

यावरचा उपाय साधा आहे. १९९६ साली जोश क्लार्क नामक एका अमेरिकन तरुणाने पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी एक क्रम आखला. पाच मिनिटे झपझप चालावे. नंतर ६० सेकंद धावावे, ९० सेकंद चालावे, असे वीस मिनिटे करावे. आठवड्यातून तीनच दिवस. मधले दिवस विश्रांतीचे. हळूहळू धावणे वाढवीत नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येते. वेग इतकाच असावा की सोबत्याशी बोलता यावे. चालण्यात कमीपणा मानू नये. तो शिक्षणाचाच भाग होय.

आपल्याच मातीतले एक नाव येथे सांगणे उचित होईल. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. अंतर ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनन पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. परंतु त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांस ती शर्यत पुरी करता आली नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे शेवटपर्यंत पोहोचणे केवढे मोठे, हे उमगते. नवशिक्यानेही इतरांच्या पुढे जाण्यापेक्षा आपले ठरलेले अंतर पुरे करण्याकडेच लक्ष द्यावे.

घरच्या मंडळींसही आमचे दोन शब्द आहेत. मुलगा धावू लागला की 'कोण मागे लागलंय रे?' अशी थट्टा होते. मुलगी धावू लागली तर थट्टेवर भागत नाही. अशा बोलण्याने जितके पाय थांबतात, तितके थकव्याने थांबत नसतील. त्यापेक्षा आईने पहाटे हाक मारावी, भावाने बहिणीस सोबत करावी. धावणाराने भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावी. महिन्याअखेर त्या खुणाच त्यास धीर देतील. ऊसतोडणीच्या किंवा तंबाखूच्या हंगामात चार दिवस चुकले, तर खंत न करता पाचव्या दिवशी निघावे, मात्र थोडे कमी धावावे.

भरती सर्वांनाच मिळेल असे नाही. तथापि मन नको म्हणत असता उठून निघण्याची जी सवय जडते, ती भरतीच्या यादीत नाव नसले तरी आपलीच राहते. म्हणून, तरुणांनो, आठव्या दिवशी अवश्य उठा. वाटल्यास त्या दिवशी नुसते चाला, परंतु उठा.