घरांच्या किमती, शाळेचं बजेट आणि २ टक्के



न्यू जर्सीत घर घेताना आपण आधी शाळेचं रेटिंग बघतो, किचन नंतर. मग प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. राज्यातली सरासरी आता वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात आहे आणि त्यातला साधारण अर्धा भाग शाळांचा. एवढं भरूनही आमच्या मुलीच्या शाळेतल्या वाचन शिकवणाऱ्या बाईंची जागा रद्द झाली, तेव्हा मी वैतागून राज्याचा फॉर्म्युलाच उघडून बसलो. (प्रोग्रॅमरची खोड!)

फॉर्म्युला २००८ च्या कायद्यातला. डिस्ट्रिक्टला किती खर्च यावा ते आधी ठरतं. गरीब घरातल्या किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी जास्त धरतात. त्यातून गावाचा वाटा वजा करून उरलेले पैसे राज्य देतं. हा वाटा घरांच्या किमती आणि रहिवाशांचं उत्पन्न यांवरून काढतात.

"आपला टॅक्स दुसऱ्या शहरांत जातो" असं आपल्या पार्ट्यांमध्ये हमखास ऐकू येतं. शाळेचा प्रॉपर्टी टॅक्स आपल्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहतो. राज्याची मदत येते ती मुख्यतः इन्कम टॅक्समधून, आणि ॲबट विरुद्ध बर्क खटल्यात १९९० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरांतल्या मुलांच्या बाजूने निकाल दिला, तो मला तरी योग्यच वाटतो.

खरा घोळ वेगळाच आहे. घरांच्या किमती वाढल्या की फॉर्म्युल्याच्या लेखी गाव श्रीमंत होतं आणि मदत घटते. मात्र २०१० च्या कायद्यामुळे टॅक्सची एकूण वसुली, काही अपवाद सोडले तर, वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. शिक्षकांचे पगार, आरोग्यविमा आणि बसचा खर्च काही २ टक्क्यांवर थांबत नाही. त्यात २०१८ च्या कायद्याने काही डिस्ट्रिक्टची जुनी जादा मदत २०२४-२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून घेतली. जर्सी सिटीने तर शाळांसाठी पेरोल टॅक्स लावला.

आपण पुण्या-नाशिकच्या अनुदानित शाळांत शिकलो. बाईंचा पगार कुठून येतो हे आपल्या आईवडिलांना कधी बघावं लागलं नाही. इथे बघावं लागतं. बजेटची जाहीर सुनावणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला असते आणि एच-१ वर असलात तरी तिथे बोलता येतं. मी गेलो तेव्हा तीसेक माणसं होती, त्यात मराठी आम्ही दोघं. घरी येताना ट्यूशन सेंटरच्या पार्किंगमध्ये मात्र आपलीच मंडळी भेटली.