मनाच्या शिबिराचा जमाखर्च



डोळ्यांचे शिबिर आले की देवबागपासून आचऱ्यापर्यंतची म्हातारी माणसे सकाळीच रांग लावतात. गुरांना लस टोचायलाही आपण वेळेवर हजर असतो. पण मनाच्या आजारावर शिबिर घेऊ म्हटले की बैठक गप्प होते. ‘आमच्या वाडीत तसे कोणी नाही,’ हे पहिले उत्तर आणि ‘पैसे कोण देणार?’ हे दुसरे. आज या दोन्ही उत्तरांचा हिशेब पाहू.

वाडीत कोणी नाही, हे खरे नसते. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. सुरुवातीच्या पाहणीत शंभर मोठ्या माणसांत चौदा-पंधरा जणांना नैराश्याचा त्रास आढळला. अशा शंभर आजाऱ्यांपैकी जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते. मग कार्यकर्त्यांनी गावोगाव लहान लहान बैठका घेतल्या, आजार समजावून सांगितला आणि उपचाराची वाट दाखवली. दीड वर्षाने उपचार घेणारे चाराचे सत्तावीस झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचावरून अडीचवर आले. हे आकडे 2017 साली प्रसिद्ध झाले. ती गावे आपल्यासारखीच शेतकऱ्यांची आहेत.

आपल्या शेजारी गोव्यातही ‘संगाथ’ संस्थेने असेच काम केले. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांना आरोग्य केंद्रांत सल्ल्यासाठी बसवले. त्यांच्या पाठीशी डॉक्टर होतेच. सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत शंभरातले 66 रुग्ण बरे झाले; नेहमीच्या पद्धतीने 42 च. म्हणजे आपल्या आशाताई, बचतगटातल्या बाया आणि शाळेतले गुरुजी यांना शिकवले, तर तेही मोठे काम करू शकतील.

आता खर्चाकडे वळू. पहिली चूक होते ती मंडपापासून. लाऊडस्पीकर, हारतुरे, पाहुण्यांचे सत्कार यांत पैसा जातो आणि तीनशे माणसांच्या गर्दीत आपल्या घरचे दुःख कोणी बोलत नाही. त्यापेक्षा वाडीतल्या शाळेच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे बसवा. बायकांची बैठक दुपारी वेगळी घ्या. खर्च चहाचा आणि बोलावलेल्या माणसाच्या प्रवासाचा. डॉक्टर हवे असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे लेखी मागणी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात लोकांना माहिती देण्याचे कामही येते.

वेळही पाहून ठरवा. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात. मच्छीमार वाड्यांची बैठक तेव्हा घ्यावी. शेतकऱ्यांची मात्र तेव्हा लावणी असते, त्यांची बैठक लावणी आटोपल्यावर ठेवावी.

खरा पैसा लागतो तो शिबिर संपल्यानंतर. कोणाची झोप दोन-दोन आठवडे उडालेली असते, कोणी बोलेनासा झालेला असतो, कोणाला कानांत आवाज ऐकू येतात. बैठकीत ऐकून घरची माणसे धीर करतात आणि त्याला एकदा दवाखान्यात नेतात. पण दुसरी खेप? एस.टी.चे भाडे, बरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, औषधे यांपायी ती राहून जाते. औषध मध्येच सुटते, आजार उलटतो आणि लोक म्हणतात, डॉक्टरचा काही उपयोग नाही. म्हणून जमलेल्या रुपयातले बारा आणे या पुढच्या खेपांसाठी राखून ठेवा.

पैसा कोठून आणायचा? संस्थांचा पैसा मुदतीचा असतो. तो मिळाला तर घ्यावा, पण त्याची वाट पाहत बसू नये. मंदिराच्या जीर्णोद्धाराला आपले मुंबईकर सढळ हाताने देतात. चतुर्थीला ते घरी आले की त्यांच्या मंडळापुढे हा विषय काढा. 1986 साली पुण्यात व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभे राहिले, तेही पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात आणि 2016 च्या कायद्याने मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरला आहे. तसा दाखला असलेल्या रुग्णासाठी ग्रामसभेत मागणी करता येते.

पैशाचे खाते बँकेत दोघींच्या सहीने चालवा आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा. मात्र त्यात रुग्णाचे नाव कधीही घालू नका. ‘रुग्ण क्रमांक 3, प्रवासखर्च’ एवढेच पुरे. एकदा नाव फुटले, की पुढच्या वर्षी त्या खोलीत कोणी यायचे नाही.

शिबिरात तीन गोष्टी नक्की सांगा. जीव द्यावासा वाटतो का, हे आपल्या माणसाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे, पण डॉक्टरकडे जाणे टाळू नये. ‘बाधा’ म्हणून बांधणे-मारणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि शिबिर होईपर्यंत थांबण्यासारखी वेळ नसेल, तर 14416 हा टेलिमानसचा नंबर घरात लिहून ठेवा. तो रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. येत्या बैठकीत रस्ता-पाण्याचे विषय झाले की हाही विषय काढा. कोणी गप्प बसले, तरी आपण गप्प बसू नका.