आजोबांची जीप, २१ लाखांची फोर्ड आणि तीन नियम : जुनी अमेरिकन गाडी ठेवणं नेमकं कुठे अडतं?

१९८३ साली एका नोकरदार माणसाने २० हजार रुपयांना एक जुनी गाडी विकत घेतली. फोर्ड टूरर, १९३१ चं मॉडेल. पुढे ती गाडी त्याने २१ लाखांना विकली. म्हणजे खरेदीच्या शंभर पटींहून जास्त किंमत आली. आकारणी वर्ष होतं १९९२-९३. आयकर खात्याने विचारलं, या नफ्यावरचा टॅक्स कुठे आहे? मालकाचं म्हणणं होतं की ही माझी वैयक्तिक वापराची वस्तू आहे, तिच्यावर टॅक्स लागत नाही.

हा वाद तीस वर्षांहून जास्त चालला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तो आयकर खात्याच्या बाजूने.

आता तुम्ही म्हणाल, कोर्टातल्या या फोर्डशी आपला काय संबंध?

नागपूरहून वर्ध्याला निघालं की वाटेत केळझर लागतं. सेलू तालुक्यातलं हे गाव सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे सगळ्यांना माहीत आहे. अशा एखाद्या गावात कुणाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आजोबांच्या काळातली जीप उभी असते. नातू ती धुतो, बॅटरी बदलतो, वरातीत काढतो, रील टाकतो. रीलखाली पहिली कमेंट ठरलेली असते, "विकायची आहे का भाऊ?"

या एका प्रश्नामागे तीन वेगवेगळे नियम उभे आहेत. गाडी चालवायची असेल तर एक, दाखवायची असेल तर दुसरा आणि विकायची असेल तर तिसरा. गंमत म्हणजे हे तिन्ही नियम एकमेकांशी बोलत नाहीत.

आधी हे बघू, की अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कुठून?

अमेरिकन गाडी म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातली लांबलचक इम्पाला आठवते. पण या गाड्यांचा महाराष्ट्राशी संबंध सिनेमापेक्षा बराच जुना आहे.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना टाकला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि शेवरोले इथे जोडली जायची. फोर्डनेही त्याच काळात मुंबईत बस्तान बसवलं. भारतात येणारा फोर्डचा माल प्रामुख्याने कॅनडाच्या कंपनीमार्फत यायचा, कारण भारत आणि कॅनडा दोन्ही ब्रिटिश साम्राज्यात होते. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिचा करार होता अमेरिकेच्या क्रायसलरशी. त्यामुळे डॉज आणि प्लिमथ या गाड्या मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जाऊ लागल्या. महिंद्राने अमेरिकेची विलीज जीप आणली. सुरुवातीला नुसती जोडणी केली आणि मग इथेच उत्पादन सुरू केलं.

१९५३ मध्ये सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम दाखवा, असं कंपन्यांना सांगितलं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. मोठ्या अमेरिकन गाड्या हळूहळू दुर्मीळ झाल्या. जीप मात्र राहिली. सरकारी खात्यांत, जंगलात, शेतावर, निवडणुकीच्या प्रचारात ती दिसत राहिली. म्हणून विदर्भातल्या गावासाठी जुनी अमेरिकन गाडी म्हणजे बहुतेक वेळा जीपच.

वर्धा जिल्ह्याची याबाबतीत एक खास आठवणही सांगितली जाते. जमनालाल बजाज यांच्या एका फोर्ड गाडीला बैल जुंपले जायचे आणि गांधीजींच्या वर्ध्याच्या वास्तव्यात तिला गमतीने 'ऑक्स-फोर्ड' म्हटलं जायचं. ही फोर्ड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला नियम : दाखवायची असेल तर

जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि 'व्हिंटेज' गाडीची पहिल्यांदा कायदेशीर व्याख्या आली. तोपर्यंत हा शब्द क्लबवाले आणि दलाल आपापल्या सोयीने वापरत होते.

व्याख्येत दोन मुख्य अटी आहेत. एक, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त काळ झालेला असावा. दोन, गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

पहिल्यांदा नोंदणी करायची असेल तर फी २० हजार रुपये आणि ती १० वर्षं चालते. नंतरच्या नोंदणीला ५ हजार. नव्याने नंबर मिळाला तर त्यात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

ऐकायला छान आहे. पण अशी नोंदणी केली की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. धंद्यासाठी तर अजिबात नाही. म्हणजे भाडं घेऊन वरातीला दिली तर नियम मोडला.

मूळ रूपाची अट गावाकडच्या जीपला सगळ्यात जास्त अडवते. जुन्या जीपा पेट्रोलवर चालायच्या. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं. मोठ्या अमेरिकन गाड्यांचंही असंच झालं. ज्याने गाडी जगवण्यासाठी इंजिन बदललं, त्याची गाडी व्याख्येबाहेर जाऊ शकते. ज्याला पेट्रोलची चिंता नव्हती किंवा ज्याने गाडी नुसतीच झाकून ठेवली, त्याची आत. ऑक्स-फोर्डचं उदाहरण घ्या. इतिहास म्हणून त्या गाडीला तोड नाही. पण बैलांवर चालवायची म्हणून कुणी इंजिनच काढून टाकलं असेल, तर आजच्या नियमाने ती व्हिंटेज ठरायला अडचण येईल.

दुसरा नियम : चालवायची असेल तर

समजा तुम्ही ठरवलं की व्हिंटेज नोंदणी नको, साधी नोंदणीच चालू ठेवू. मग १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ही फी वाढवली. साध्या मोटारीला आणि जीपला १० हजार रुपये. आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. वर जीएसटी वेगळा.

आता हिशोब करा. परदेशातून आणलेली जुनी इम्पाला तुम्हाला वापरात ठेवायची आहे. दहा वर्षांत दोन नूतनीकरणं, म्हणजे १ लाख ६० हजार. तीच गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर पहिल्या दहा वर्षांना २० हजार आणि पुढच्या दहा वर्षांना ५ हजार. फरक इतका मोठा आहे की कुणीही व्हिंटेजकडेच वळेल. सरकारचा हेतूही बहुधा हाच आहे. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात, धूर कमी व्हावा. त्यात चुकीचं काही नाही.

विदर्भात आणखी एक अडचण आहे, कागदांची. वर्ध्यातली एखादी गाडी १९४८ ची असेल, तर ती जागची न हलता तिचं प्रांत-राज्य तीनदा बदललं. सुरुवात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. ५० वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. ते पहिलं आरसी बुक वाळवीने खाल्लं असेल, तर गाडीचं वय डोळ्यांना दिसतं, पण कागदावर सिद्ध होत नाही.

तिसरा नियम : विकायची असेल तर

आता पुन्हा त्या फोर्डकडे येऊ.

आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर टॅक्स लागतो. पण वैयक्तिक वापराच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. घरातलं कपाट, फ्रिज, रोजची स्कूटर विकली तर कुणी टॅक्स विचारत नाही, तो यामुळेच. दागिने, चित्रं, शिल्पं यांना मात्र ही सूट नाही. मोटारगाडीचं नाव त्या यादीत नाही. म्हणून मालकांना वाटत होतं की गाडी कितीही जुनी असो, आपण सुरक्षित आहोत.

उच्च न्यायालयाने वेगळा मुद्दा धरला. वस्तू वापरता येण्यासारखी आहे, एवढं पुरेसं नाही. ती मालकाने किंवा कुटुंबाने खरोखर वापरली पाहिजे. या प्रकरणात तसा पुरावा समोर आला नाही. याला जुना आधारही आहे. एका राजघराण्याच्या प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूजेत ठेवल्या जाणाऱ्या सोन्याच्या मोहरा आणि चांदी यांना वैयक्तिक वापराच्या वस्तू मानायला नकार दिला होता. वर्षातून एकदा पूजेला काढणं म्हणजे वापर नव्हे, असा त्याचा साधा अर्थ.

रकमेचा अंदाज यावा म्हणून बघा. २० हजारांची वस्तू २१ लाखांना विकली तर नफा २० लाख ८० हजार. आजच्या १२.५ टक्के दराने टॅक्स २ लाख ६० हजार, सेस वेगळा. गाडी १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेली असेल, तर खरेदी किमतीऐवजी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरता येते. त्याने टॅक्स कमी होतो. वारसाने आलेली गाडी असेल तर वडिलांनी किंवा आजोबांनी दिलेली किंमत तुमची किंमत मानली जाते.

मग अडतं कुठे?

तिन्ही नियम शेजारी ठेवून बघा.

नूतनीकरणाची फी मालकाला व्हिंटेजकडे ढकलते. व्हिंटेजचा नियम सांगतो, गाडी नेहमी वापरू नका. आणि आयकर विचारतो, तुम्ही ती खरोखर वापरत होता का? म्हणजे एका खात्याचा नियम पाळल्यामुळेच दुसऱ्या खात्यासमोर तुमची बाजू कमजोर होऊ शकते. व्हिंटेज नोंदणीची गाडी रविवारी रॅलीला नेणं हा वैयक्तिक वापर आहे की नाही, हा प्रश्न २०२५ च्या निकालासमोर नव्हताच. त्या गाडीची विक्री व्हिंटेजचे नियम येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

कुणी म्हणेल, जो माणूस लाखोंची गाडी विकतो त्याने टॅक्स भरावा, रडायचं कशाला? मुद्दा बरोबर आहे. चित्र विकणाऱ्याने टॅक्स भरायचा आणि गाडी विकणाऱ्याने नाही, हे न्यायाचं नाही. पण गाड्यांनी भरलेलं गॅरेज, सीए आणि वकील असलेल्या संग्राहकाला हा गुंता सोडवता येतो. ज्याच्याकडे एकच जीप आहे, ती पण आजोबांची, त्याला तो सुटत नाही. मग तो काय करतो? येईल त्या भावात दलालाला देतो किंवा भंगारात काढतो. गाडी शहरातल्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जाते आणि गावाचा तेवढा इतिहास गावातून निघून जातो.

यावर उपाय फार अवघड नाही. व्हिंटेज गाडीला वर्षातून ठरावीक दिवस किंवा ठरावीक किलोमीटर कुटुंबाच्या वापराची मोकळीक देता येईल. धूर वाढणार नाही, आणि वापर म्हणजे काय हे मालकाला आणि आयकर अधिकाऱ्याला दोघांनाही कळेल. गाडी जगवण्यासाठी ५० वर्षांपूर्वीच बदललेल्या इंजिनाकडे थोडं वेगळं बघता येईल. हे दोन्ही बदल सरकारच्या हातात आहेत.

तोवर तुम्ही काय करायचं?

रील टाकण्याआधी आरसी बुक शोधा. पहिल्या नोंदणीची तारीख, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का ते बघा. गाडी आजोबांच्या नावावरच असेल तर आधी वारसनोंद करून नाव लावून घ्या. कुठल्या नोंदणीत ठेवायची हे इंजिन मूळ आहे का ते बघून ठरवा. पेट्रोलची, मेकॅनिकची, विम्याची बिलं आणि घरच्यांसोबतचे तारखेसह फोटो जपून ठेवा, कारण त्या फोर्डचं प्रकरण अडलं ते नेमकं वापराच्या पुराव्यावर.

आणि कमेंटमध्ये कुणी "विकायची आहे का भाऊ?" असं विचारलं, तर भाव सांगण्याआधी एखाद्या सीएला फोन करा.