हजारे, १९४६ आणि हरवलेली दहा वर्षे

विजय हजारे केवळ ३० कसोटी सामने खेळले, एवढ्यावरून त्यांचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे. ऑगस्ट १९३६ मधील ओव्हलच्या सामन्यानंतर भारत पुन्हा कसोटी खेळला तो थेट २२ जून १९४६ रोजी, लॉर्ड्सवर. महायुद्धानंतरचा तो पहिलाच इंग्लिश हंगाम. सांगलीच्या या फलंदाजाचे पदार्पण त्याच दिवशी झाले, वयाच्या ३१ व्या वर्षी.

मधल्या काळात इंग्लंडची कौंटी स्पर्धा बंद होती. भारतातील मैदाने मात्र गजबजलेली होती. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या! कसोटीच्या आकडेवारीत त्यांतली एकही धरली जात नाही.

लॉर्ड्सवर भारत दहा गडी राखून हरला, हे खरे. बेडसर यांनी पदार्पणातच ११ बळी घेतले. पण त्याच दौऱ्यात सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी दहाव्या-अकराव्या क्रमांकावर शतके ठोकून अखेरच्या गड्यासाठी २४९ धावांची भर घातली. हा संघ नवखा नव्हता. त्याला व्यासपीठ उशिरा मिळाले.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर हजारे यांनी दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. तेव्हा त्यांना तेहतिसावे वर्ष सरत आले होते.