कुसळ, मुसळ आणि ऑफिस

मंडळाच्या कुठल्याही पॉटलकला जा. जेवणं आटोपली, मुलं बेसमेंटमध्ये पळाली आणि चहा आला, की गप्पा हमखास ऑफिसवर येतात. कुणाचं डिझाइन शेजारच्याने मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून खपवलेलं असतं. कुणाची मॅनेजर चारचौघांत उच्चारांवरून टोमणे मारते. सगळं साग्रसंगीत सांगून झालं, की कोणीतरी विचारतं, "मग तू त्याला काय म्हणालास?" उत्तर बहुधा ठरलेलं: "त्याला काय बोलायचं? जाऊ दे झालं."

या 'जाऊ दे'ला आपण क्षमा समजतो. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना तर ते फारच सोयीचं. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण आमच्या धर्माबाहेरच्यांनाही ठाऊक असते. तेव्हा गप्प बसलं की ख्रिस्ती वृत्ती सांभाळली! पण शुभवर्तमान नीट वाचलं तर हे गणित सुटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशूला पकडून महायाजकापुढे उभं केलंय आणि तिथला एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. ज्याने दुसऱ्या गालाची शिकवण दिली तोच हा येशू. तो उलटा हात उचलत नाही, शिवीही देत नाही. पण गप्पही बसत नाही. माझं बोलणं चुकलं असेल तर काय चुकलं ते दाखव, बरोबर असेल तर मारलंस का, असं तो सरळ विचारतो. सूड नाही आणि मुकाट सोसणंही नाही, अशी ही तिसरी वाट आहे.

ती वाट कशी चालायची, हे मत्तयाच्या १८व्याच अध्यायात सांगितलंय. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा, दोघंच असताना बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. मराठी बायबलात चर्चला 'मंडळी' म्हणतात, आणि गंमत अशी की आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी सगळी मंडळी, मग दोन खास मित्र, आणि ज्याच्याशी खरं बोलायचं त्याच्याशी शेवटपर्यंत अबोला! बॉसला सीसी करून पाठवलेली रागाची ई-मेलसुद्धा याच जातीची.

एकट्याने जाऊन बोलायचं तरी काय? "कालच्या मीटिंगमध्ये ते डिझाइन तुझं आहे असा सगळ्यांचा समज झाला. ते मी केलं होतं. पुढच्या वेळी तसं सांगशील का?" एवढंच. काय घडलं आणि काय हवं, हे दोनच मुद्दे. 'तू मुद्दाम केलंस' हे वाक्य नको, कारण त्याच्या मनातलं आपल्याला कुठे माहीत असतं?

इथेच कुसळ आणि मुसळ आठवावं. ही म्हण आपण दुसऱ्याला गप्प करायला वापरतो. येशूचा दृष्टांत मात्र पुढे जातो: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. कुसळ राहू दे, असं तो म्हणत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ साली त्यांचा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पुढे धर्ममतांवरून आणि आज्ञापालनावरून दोघींचे कडाक्याचे मतभेद झाले. रमाबाईंनी ते पत्रांतून थेट त्यांनाच लिहिले, आणि त्याच पत्रांत त्यांना 'आजीबाई' म्हणण्याइतकी मायाही होती. जेराल्डिनबाईंनी जपलेला हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने छापला गेला. स्पष्ट बोलणं आणि जिव्हाळा एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावाच.

बोलूनही जमलं नाही तर? पौल आणि बर्णबा हे एकत्र काम करणारे प्रेषित मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून इतके भांडले, की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच मार्कला घेऊन ये म्हणतो, तो उपयोगी आहे म्हणून. डिपार्टमेंट बदलून घेणं हा पराभव नव्हे. माणसाच्या नावावर कायमची फुली मात्र मारू नये.

आणि भीतीचं काय? इथे अमेरिकेत एच-१बीवर असताना नोकरी गेली तर साधारण ६० दिवसच हातात असतात. तेव्हा गप्प बसणाऱ्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. मात्र त्रास वंश, धर्म किंवा मूळ देशावरून होत असेल तर तारीखवार टिपणं ठेवावीत. १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १९६४चा नागरी हक्क कायदा लागू होतो. सरकारी आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, पुष्कळ राज्यांत ३००. तक्रार करणं क्षमेच्या विरुद्ध नाही. त्रास थांबावा म्हणून केली ती तक्रार. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून केला तो सूड.

एक सवय मात्र आजपासून लावता येईल. ज्याचा त्रास होतो त्याच्यासाठी सोमवारी सकाळी गाडी सुरू करण्याआधी नाव घेऊन प्रार्थना करावी. ज्यांची श्रद्धा वेगळी त्यांनी आपापल्या देवापुढे त्याचं नाव घ्यावं. तो बदलेलच याची हमी नाही. पण ज्याच्यासाठी सकाळी देवाकडे मागितलं, त्याची संध्याकाळी टिंगल करायला जीभ वळत नाही. मग त्याच्याशी बोलायचं धैर्यही थोडं सोपं होतं.