एक चाल, अनेक गळे

जमैका हे बेट आपल्याला ठाऊक असते ते ख्रिस गेलमुळे, नाहीतर उसेन बोल्टमुळे. तिथल्या 'डान्सहॉल' संगीतात एक मजेशीर रीत आहे. एकजण नुसता ठेका आणि वाद्यांची साथ तयार करतो. त्याला ते 'रिडिम' म्हणतात. मग त्याच ठेक्यावर अनेक गायक आपापली गाणी म्हणतात आणि ती सारी एकाच तबकडीवर निघतात. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेन यांच्या अशा एका रिडिमचे नाव चक्क 'दिवाळी' आहे! २००२ साली लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने त्याचा संग्रह काढला. त्या टाळ्यांच्या ठेक्यावरचे शॉन पॉलचे 'गेट बिझी' २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले. त्याच ठेक्यावर वेन वंडरने 'नो लेटिंग गो' हे हळुवार प्रेमगीत गायिले. ऐकणाऱ्याला ठेका ओळखीचा असतो. उत्सुकता असते ती यावर आता हा काय बोलणार याची.

मित्रहो, ही रीत आपल्याला परकी आहे काय? दिवाळी सरली की आमच्या मोहाडी तालुक्यात गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाहीतर खडी गंमत. ढोलकीवर थाप पडली की म्हातारी माणसे शब्द यायच्या आधीच चाल ओळखतात. शाहीर त्याच चालीत कधी देवाचे नाव घेतो, कधी हुंड्यावर बोलतो, कधी धानाच्या भावावर. चाल जुनी असते म्हणूनच कान शब्दांकडे लागतात. भीमगीतांनी तर सिनेमाच्या चालीही कामाला लावल्या.

आणि तरीही आम्ही दंडारीच्या चालीवर रचलेले एक गीत एका स्पर्धेत 'स्वरचित' ठरले नाही. कारण काय, तर चाल उसनी! निकाल गेला खड्ड्यात. पण ही समजूत मला मान्य नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर ती स्वतःच्या ओव्या जोडीत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. चाल उसनी म्हणून त्या बायांचे शब्दही उसने ठरवायचे, तर आमच्या घरात स्वतःचे म्हणून काय उरले?

चालीच्या कर्त्याचे नाव घ्यावे, याबद्दल मात्र दुमत नाही. १९८५ साली गाजलेल्या 'स्लेंग टेंग' रिडिमचा मूळ ठेका जपानच्या कॅसिओ कंपनीतील हिरोको ओकुडा या तरुणीने एका छोट्या वाद्यात भरला होता. गाणी जगभर गेली, तिचे नाव कितीतरी उशिरा कळले. आमच्या ढोलकीवाल्यांचे तर तेवढेही होत नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक विनंती. यंदाच्या स्नेहसंमेलनात एकच चाल जाहीर करावी आणि प्रत्येक वर्गाने तिच्यावर आपले गीत रचावे. चाल मंडईतल्या एखाद्या ढोलकीवाल्याकडून घ्यावी, त्यांचे नाव फलकावर लिहावे आणि मानधनही द्यावे.